टाकीच्या झाकणावरचा शेंदूर

दादाने मला ट्रक विकला तेव्हा मी बोललेला पहिलाच भाव त्याने कबूल केला. घासाघीस नाही, ‘जरा वाढव’ नाही. हमाली करून वर आलेला माणूस मी. जुना बोल्टसुद्धा भाव पाडल्याशिवाय घेतलेला नाही. समोरचा लगेच ‘हो’ म्हणाला की मला त्यात खोट दिसते, मग तो सख्खा थोरला भाऊ का असेना.

नागपूरच्या कचेऱ्या भोपाळला गेल्या ते दिवस. परवान्याचा कागद कुठे द्यायचा हे कोणालाच धड सांगता येत नव्हतं. तो घोळ परवडला, ट्रकचा नाही. लष्कराच्या लिलावातली ती पेट्रोलची गाडी बहादरपूरहून केळी भरून बुऱ्हाणपूर स्टेशनाकडे निघे आणि वाटेत आचके देऊन बंद पडे. मिस्त्री सायकलवर येई, टाकीचं झाकण काढून आत काडी घालून पेट्रोल बघे, नळी सोडवून फुंके, पंप खोलून पुसे. पहिल्या हँडलला गाडी सुरू. काही मैल गेलो की पुन्हा तेच.

“शेठ, पंपात कचरा अडकतो,” तो म्हणे.

“दाखव की कचरा.”

“फुंकला ना मी. निकल गया.”

“दर वेळी तुलाच बरा दिसतो.”

“मग पुढच्या टायमाला तुम्ही फुंका. पेट्रोलची चव तरी कळेल.”

पंप बदलला, नळी बदलली, टाकी उतरवून धुतली. फरक नाही. डोकं फिरवणारी गोष्ट ही की टाकी गच्च भरली की गाडी लवकर थांबे आणि तळाला पेट्रोल असलं की लांब जाई. पोट भरल्यावर धाप लागणारी गाडी मी दुसरी पाहिलेली नाही. मिस्त्रीनेही नव्हती पाहिली.

दादा म्हणाला, “माझ्याकडे कधी थांबली नाही रे.”

या वाक्याने माझी झोप गेली. खोटं बोलत असेल तर त्याने मला फसवलं. खरं बोलत असेल तर गाडी माझ्या हातात येऊनच का बिघडली? रेल्वेची वॅगन सुटून केळी उन्हात काळी पडली त्या दिवशी मी बहादरपूरला दादाकडे निरोप धाडला, ट्रक तुमच्या अंगणात आणून उभा करतो, त्यानंतर तुमचा माझा संबंध नाही.

टाकी भरून एकटाच निघालो. गाव दिसायला लागलं आणि गाडी बंद पडली. मिस्त्री नव्हता. चिडून झाकण मीच फिरवलं, तर आतून सुस्स आवाज आला. बुडता माणूस वर येऊन श्वास ओढतो तसा. झाकण मडगार्डवर आपटलं. तेलातल्या शेंदराचा वाळलेला पोपडा खाली पडला आणि मध्ये सुईएवढं भोक दिसलं. हवा आत यायची वाट ती. ती बुजलेली, म्हणून पेट्रोल ओढून ओढून पंप थकत होता. टाकी गच्च असली की आत हवा थोडीच, म्हणून लवकर थकत होता. आणि मिस्त्री येऊन पहिलं काम करी ते झाकण उघडण्याचं. बाभळीच्या काट्याने भोक मोकळं केलं. गाडी थेट दादाच्या अंगणात जाऊन थांबली.

मारुतीच्या पारावरचा शेंदूर वहिनीने गाडी मला देताना या झाकणावर पहिल्यांदा लावला होता, आणि मी माल भरायला आलो की दर खेपेला लावायची. मी बघत असे. रोजचं कुंकू कोण बघतं, तसं.

दादा ओट्यावर बसला होता. “निरोप मिळाला. इथे ठेवायची तर ठेव,” तो म्हणाला. पुन्हा तेच. भांडण नाही, अट नाही.

“नाही ठेवत.”

“का रे?”

मी म्हटलं, “पहिल्याच भावाला का दिलीस मला?”

“तू मागितलीस म्हणून.”

हे उत्तर झालं का? अजून मला ते पटलेलं नाही. त्याच्या मनात आणखी काही असलंच पाहिजे असं आजही वाटतं. काय, ते मात्र सापडत नाही.

वहिनी वाटी घेऊन आली. “भाऊजी, आज माल नाही भरायचा?” म्हणत बोट शेंदरात बुडवून टाकीकडे वळली.

“तिथे नको, वहिनी. पुढे लावा, नाकावर.”

“नाकाने खाते होय ती? बैलालाही घास कुठून देता? जिथून खाते ते तिचं तोंड.”

दादा तिकडून म्हणाला, “लावू दे रे तिला.”

मला त्या भोकाची गोष्ट सांगता आली असती. मग इतके महिने मी त्यांच्याबद्दल काय काय समजत होतो तेही निघालं असतं. मी अंगठा भोकावर ठेवला. तिने माझ्या नखावरच शेंदूर टेकवला.

“हात तरी काढा,” ती म्हणाली.

तिने वाटी घरात नेईपर्यंत मी काढला नाही.