स्वल्प खाज

शिवाजीनगरच्या इस्पितळात आईला दाखवायला नेलं, तेव्हा बाकावर शेजारी एक म्हातारी कानडी अक्का होती. हातांवर पाण्याने भरलेले फोड. खाजेने रात्र रात्र झोप नसली, तरी खाज किती विचारलं, की ती “स्वल्प” म्हणायची, म्हणजे थोडीशी. त्यामुळे आधीच्या डॉक्टरने जास्त न तपासता वर्षभर खरजेचं मलम दिलं, आणि घरात तिचं ताट, अंथरूण वेगळं झालं. कातडीचा तुकडा तपासून आला, तेव्हा आज डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, “हा म्हातारपणातला दुर्मिळ आजार. कुणाला लागत नाही.”

मी म्हटलं, “अक्का, आता नातवाला जवळ घ्या.”

“मीच त्याला दटावून शिकवलंय अण्णा, अज्जीला शिवायचं नाही. चांगला शिकलाय.”

ती उठू लागली. मी आधाराला हात पुढे केला. तिने भिंत धरली.