एल्बाच्या समोरची जागा

परदेशात, माउंट रॉस्किलच्या नर्सिंग होममध्ये काम करणाऱ्या दमयंती पवारच्या बोटांना घट्टे आहेत. औषधं वाटून घट्टे पडत नाहीत, ते ढोलकीचे. तासगावकडचा तिचा मामा तमाशाच्या फडात वाजवायचा, त्याच्या मागं बसून ती शिकली. घरच्यांनी ही गोष्ट लपवली, हिनं कधीच लपवली नाही.

तिथल्याच स्वयंपाकघरात चिलीची एल्बा होती. एकदा तिनं पातेल्यावर ताल धरला आणि दमयंती म्हणाली, "हा तर आमचा दादरा!" दादरा नव्हता तो. क्वेका होता, तिच्या मुलखातला नाच. बाई आणि पुरुष समोरासमोर, हातात रुमाल, कोंबडा-कोंबडीसारखा रुसवाफुगवा. एल्बा मात्र एकटीच नाचायची. तिच्या नवऱ्याला चौऱ्याहत्तर साली लष्करानं घरातून उचललं, तो आजवर सापडला नाही. तिकडं अशा बायका क्वेका एकट्यानंच नाचतात. समोरची जागा मोकळी राहते. ती जागा म्हणजेच तो माणूस.

दोन हजार सहाच्या दिवाळीत दमयंतीनं तिला मराठी मंडळाच्या कार्यक्रमात आणायचं ठरवलं. सेक्रेटरी शिरीषला सगळी हकिगत सांगून बजावलं, "समोर कुणी येता कामा नये."

"स्वीट ॲज," शिरीष इथल्या बोलीत म्हणाला, म्हणजे चालेल की. फोनमधून डोकं वर काढलं नाही.

कार्यक्रमाच्या दिवशी ढोलकी सुरू झाली, एल्बानं पांढरा रुमाल उचलला. तेवढ्यात विंगेतून मंडळातला मधुकर आला. झब्बा, पायात जांडल्स, म्हणजे रबरी चपला, आणि हातात गुलाबी रुमाल. पोरांनी शिट्ट्या मारल्या. एल्बाचा हात वरच राहिला.

दमयंतीनं थाप मध्येच तोडली. "मधुकर, खाली उतर."

"ताई, मला शिरीषनं धाडलंय. बाई एकटी बरी दिसत नाही म्हणाला."

"कुणाला दिसत नाही?"

शिरीष खालूनच म्हणाला, "दमयंतीताई, सणासुदीला रडगाणं कशाला? लोक तिकीट काढून आलेत."

म्हणजे त्याला सगळं ठाऊक होतं. ऐकूनसवरून त्यानं एका बाईच्या नवऱ्याच्या जागेवर झब्बा घातलेला माणूस उभा केला होता, आणि वर तिच्या दुःखाला रडगाणं म्हणत होता.

दमयंती ढोलकी गळ्यात घेऊन उठली. "शिरीष, घरी वडलांच्या फोटोला हार घालतोस नव्हं? उद्या त्या चौकटीत मधुकरचा फोटो बसवू? वडलांची जागा मोकळी बरी दिसत नाही म्हणून?"

मागं कुणीतरी हसलं आणि हसता हसता गप्प झालं. मधुकरनं रुमाल खिशात कोंबला. "मला कुणी सांगितलंच नव्हतं हो," असं एल्बाला मराठीतच म्हणून तो उतरला.

मग ढोलकी पहिल्यापासून वाजली. एल्बा त्या मोकळ्या जागेभोवती फिरली, तिच्यापुढं रुमाल झुलवला, टाच आपटली. टाळ्या वाजवाव्यात की नाही, हे कुणालाच कळेना.

पुढच्या वर्षी मंडळानं दमयंतीला बोलावलं नाही. ढोलकी सीडीवर वाजवली. मधुकरनं फोन करून सांगितलं, तेव्हा ती म्हणाली, "बघ की. आता माझी जागा कशी लगेच भरली."