मॉनिटरमध्ये दादा नको

स्टेजवर गाणाऱ्या माणसाला स्वतःचा आवाज नीट ऐकू येत नाही, हे लोकांना सांगूनही पटत नाही. मोठे स्पीकर लोकांकडे तोंड करून उभे असतात. मागे स्टेजवर येतो तो नुसता घुमारा. म्हणून प्रत्येक कलाकाराच्या पायाशी एक बसका, तिरका स्पीकर ठेवावा लागतो. त्याला मॉनिटर म्हणतात. त्यात कुणाला काय ऐकायचंय ते तो मला सांगतो आणि मी मिक्सरवरून देतो. लोकांना जे ऐकू जातं ते वेगळं, आणि ज्याच्या त्याच्या मॉनिटरमधलं वेगळं. कुणाच्या मॉनिटरमध्ये काय आहे, हे फक्त त्याला आणि मला ठाऊक असतं. कार्यक्रम रंगला की टाळ्या गायकाला, आणि स्पीकरची शिट्टी वाजली की शिव्या साउंडवाल्याला. त्याचं मला काही वाटेनासं झालंय. पण माणसांची ही गुपितं सांभाळणं मात्र जड जातं.

आमचा ग्रुप लहान. मुख्य गायक, त्याचा धाकटा भाऊ ढोलकीला, एक कीबोर्डवाला, एक ऑक्टोपॅडवाला, एक गायिका, आणि मी. गायकाला आम्ही सगळे दादाच म्हणतो. लग्नाची हळद, गावची जत्रा, कॉलेजचं गॅदरिंग, मिळेल ती सुपारी घ्यायची. दोघा भावांचं इतकं जमायचं की दादानं श्वास घेतला तरी धाकट्याची थाप थांबायची. सुरुवातीपासून धाकट्याची मागणी एकच, "दादाला वाढव, बाकी काय बी दे."

दादा शिस्तीचा. त्याच्या दोन सवयी सांगायलाच हव्यात. कार्यक्रमाआधी तो कॉर्डलेस माइक हातात घेऊन प्रत्येकाच्या जागी बसायचा, एक ओळ म्हणून मॉनिटर स्वतः ऐकून बघायचा. दुसरी सवय फोनची. वायरीजवळ फोन असला की कॉल यायच्या आधी स्पीकरमधून टर्र टर्र आवाज येतो. नव्या फोनांनी ते कमी झालंय, पण दादाचा नियम जुना. कार्यक्रम सुरू व्हायच्या आधी सगळ्यांचे फोन माझ्या टेबलाखालच्या पत्र्याच्या डब्यात. झाकण लावायचं ते थेट शेवटचं गाणं झाल्यावर काढायचं.

त्यांची आई दवाखान्यात होती तेव्हा गडहिंग्लजला हळदीचा कार्यक्रम होता. डॉक्टर म्हणाले होते की आता बरं आहे. धाकटा म्हणाला, "दादा, तू जाऊ नगंस." दादा म्हणाला, "शब्द दिलाय. गातो आणि सुटतो." धाकटा आईजवळ थांबला. ढोलकीला आम्ही दुसरा माणूस घेतला. आणि दादानं नेहमीप्रमाणे, सगळ्यांच्या आधी, आपला फोन डब्यात ठेवला.

कार्यक्रम संपल्यावर झाकण मीच काढलं. त्याच्या फोनवर धाकट्याचे कॉलच कॉल. दादा हळदीची गाणी म्हणत होता तेव्हाच आई गेली होती. तो फोन हातात धरून उभा राहिला. मी खुर्ची पुढे केली, तो बसला नाही.

दहनाच्या वेळी धाकटा भावाला एकच वाक्य बोलला. "आज बी डब्यात ठेवलावतास, व्हय?" दादानं मान खाली घातली. त्यानंतर त्या दोघांत शब्द नाही. घर एक, चूल एक, आणि बोलणं बंद.

दिवसकार्य झाल्यावर धाकटा कामावर आला, कारण काम सोडून चालणार नव्हतं. मी वायरी जोडत होतो. तो माझ्याजवळ आला आणि हळू आवाजात म्हणाला, "माझ्या मॉनिटरात दादा नको."

मला आधी कळलंच नाही. "कमी करू?"

"कमी न्हाय. नको. अजिबात नको."

"आणि वाजवणार काय ऐकून?"

"कीबोर्ड ऐकून वाजवतो. तू काढ."

मी काढलं. लाख वेळा वाटलं की याचा कान धरावा आणि विचारावं, बाबा रे, आई काय तुझ्या एकट्याची गेली? पण दुसऱ्याच्या दुःखात शहाणपण शिकवणारी माणसं मला आवडत नाहीत, आणि आपण तसं व्हावं असंही वाटत नाही. दादाची तपासणी होईपर्यंत मी त्याचा आवाज धाकट्याच्या मॉनिटरमध्ये ठेवायचा आणि तपासणी झाली की बंद करायचा, असा मार्ग काढला. दादाला वाईट वाटू नये, एवढाच हेतू.

धाकट्यानं फोनही डब्यात ठेवायचं सोडलं. खिशात ठेवून वाजवायला बसायचा. एकदा भर गाण्यात टर्र टर्र झालं. सगळ्यांनी दादाकडे पाहिलं. दुसरा कुणी असता तर दादानं तिथल्या तिथे फाडून खाल्लं असतं. तो पुढची ओळ म्हणत राहिला.

आणि दादाची मागणी काय, तर "माझ्या मॉनिटरात ढोलकी वाढव." दर कार्यक्रमाला, थोडी अजून. म्हणजे एकाच्या पायाशी भावाची ढोलकी गच्च भरलेली, आणि दुसऱ्याच्या पायाशी भावाचा आवाज औषधालाही नाही. लोक नाचत होते, टाळ्या देत होते. कुणाला काही फरक कळत नव्हता. मला कळायचा. थाप तालात असायची, पण श्वासावर थांबायची नाही. त्या दिवसांत मला माझं काम नकोसं झालं होतं. दादा आधी गाताना स्टेजभर फिरायचा. आता ढोलकीच्या बाजूला फिरकेनासा झाला. मला वाटलं, अबोला आहे म्हणून.

पुढे शिरोळकडच्या एका गावची जत्रा आली. ते गाव त्यांच्या आईचं माहेर. दुपार कलली तशी माणसं जमायला लागली. आईच्या वयाच्या बायका पुढेच सतरंजीवर बसल्या होत्या. पाच-सहा गाणी झाली आणि दादानं एकदम कीबोर्डवाल्याला तळहात दाखवून थांबवलं. ऑक्टोपॅडवाल्यालाही थांबवलं. मग साथीशिवाय, माइकवर नुसत्या गळ्यानं त्यानं आईचं गाणं सुरू केलं.

उसाच्या भांगलणीला, म्हणजे तण काढायला, बायका ओळीनं बसतात, तेव्हा एकीनं म्हणायचं आणि बाकीच्यांनी उचलायचं, तसलं ते गाणं. आईनं स्वतःच जुळवलेलं. त्यात दोन्ही लेकांची नावं येत. आधी थोरल्याचं, मग धाकट्याचं. पुढच्या बायकांनी ते ओळखलं. एकीनं पदर तोंडाला लावला.

धाकट्याच्या मॉनिटरमध्ये तेव्हा काहीच नव्हतं. कीबोर्ड थांबलेला, म्हणजे तिथं पूर्ण शांतता. मोठ्या स्पीकरचा नुसता घुमारा येत असणार, शब्द नाहीत. तो हात ढोलकीवर ठेवून बसला होता. पुढच्या बायका रडताहेत हे त्याला दिसत होतं, आणि त्या कशाला रडताहेत ते ऐकू येत नव्हतं. त्यानं भावाकडे पाहिलं. दादा त्याच्याकडे वळला होता, आणि नेमकं त्याच वेळी त्याचं नाव म्हणत होता. आपलं नाव ओठांवर ओळखायला आवाज लागत नाही.

धाकट्यानं माझ्याकडे पाहिलं. मग दादाकडे बोट केलं, आणि ते बोट वर उचललं. आमच्यात या खुणेचा अर्थ एकच. याला वाढव.

मी दादाचा आवाज सावकाश वर नेला. धाकट्यानं डोळे मिटले. एक अख्खं कडवं त्यानं नुसतं ऐकलं. मग थाप पडली. दादानं श्वास घेतला, आणि थाप थांबली. किती दिवसांनी ते ऐकलं मी. मीही रडलो. मिक्सरवर वाकलं की कुणाला दिसत नाही.

नंतर वायरी गुंडाळताना दादा माझ्याजवळ आला. मी म्हणालो, "दादा, तुम्हाला सांगायचं राहिलं, त्याच्या मॉनिटरात..."

"मला ठावं हाय की," तो म्हणाला. "आई गेल्यावरच्या पैल्याच कार्यक्रमात गाता गाता त्येच्या मागं जाऊन उभा ऱ्हायलतो. त्येच्या मॉनिटरात माझा मीच नव्हतो. तवापासनं तिकडं गेलो न्हाय."

"मग कीबोर्ड मुद्दाम थांबवलात?"

"दुसरं काय करणार? कीबोर्ड चालू असता तर त्येनं त्येच्यावर वाजवलं असतं." मग एक वायर गुंडाळायला घेत तो म्हणाला, "आईचं नाव काढून माफी मागायला तोंड न्हाय मला. तिचं गाणं म्हणायला तेवढं तोंड हाय."

परतीच्या टेम्पोत दोघं शेजारी बसले. कोल्हापूर येईपर्यंत बोलले नाहीत. मला वाटलं होतं काहीतरी बोलतील. पण असं लगेच काही होत नसतं.

पुढचा कार्यक्रम कागलला होता. सगळं लावून झालं, तपासणी झाली. मी धाकट्याला विचारलं, "दादा ठेवू?" तो म्हणाला, "ठेव की," जणू मीच काहीतरी खुळ्यासारखं विचारलं. फोन गोळा करायची वेळ झाली. दादा सगळ्यांच्या आधी आला आणि डब्यात फोन टाकायला वाकला. धाकटा ढोलकीची दोरी आवळत होता. तो उठून आला आणि त्यानं दादाचं मनगट धरलं.

"खिशात ठेव तुझ्या. वाजला तर वाजूदे."

दादानं हातातला फोन उलटसुलट करून बघितला. मग म्हणाला, "आता कुणाचा येणार हाय रं?"

धाकट्यानं आपल्या खिशातला फोन काढला, डब्याकडे पाहिलं आणि परत खिशात ठेवला.

"माझा यील की," तो म्हणाला, आणि जाऊन ढोलकीपाशी बसला.