दोनशे बारावी रिकामी ओळ

कंपायलर खोटं बोलत नाही, पण सरळही बोलत नाही. आपण लिहिलेला प्रोग्रॅम मशीनला कळेल अशा भाषेत नेऊन ठेवणं हे त्याचं काम. चूक सापडली की तो तिथेच अडतो आणि एरर दाखवतो. ती वाचायला जावं तर बहुतेक वेळा आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी. हे मी कॉलेजातच शिकले होते. दहा वर्षं घरी बसून पुन्हा नोकरीला लागले, तेव्हा परत शिकावं लागलं.

'घरी बसून' हे लोकांचे शब्द. मी बसले नव्हते. मुलं मोठी केली, सासूबाईंचं आजारपण काढलं, आणि एचएसआर लेआउटमधल्या आमच्या जेवणाच्या टेबलावर इथल्या मराठी मंडळाचं सगळं टायपिंग केलं. अंक, आमंत्रणं, श्रद्धांजल्या, काय म्हणाल ते. बायोडेटात मात्र त्या दहा वर्षांसमोर 'गॅप' एवढंच लिहिलं. बेंगळुरात मराठी टायपिंगला कोण विचारतंय!

कोरमंगलातल्या एका छोट्या कंपनीनं सहा महिन्यांच्या बोलीवर घेतलं होतं. सहा महिने संपले की कायम करायचं की नाही ते ठरणार होतं. ही नोकरी मला हवी होती, हावरटासारखी हवी होती. चव्वेचाळिसाव्या वर्षी दुसरी कोण देणार? माझी टीम लीड माझ्याहून पंधरा वर्षांनी लहान, मंड्याकडची. ऑफिसात सगळे एकमेकांना नावानं हाक मारत, मला मात्र ती 'अक्का' म्हणायची. मी निपाणीची, त्यामुळे त्या शब्दातली माया मला कळते. त्यातलं वयही कळतं.

शेवटच्या आठवड्यात, सोमवारी, माझ्या फाइलवर कंपायलर अडला. एररमध्ये शब्द होता 'स्ट्रे'. म्हणजे भटकं. भटक्या कुत्र्यांना खायला घालू नका, अशी पाटी आमच्या सोसायटीत आहे, तिच्यावर हाच शब्द आहे. दोनशे बाराव्या ओळीत काहीतरी भटकं शिरलंय, आणि एक नाही, तीन. मी दोनशे बारावी ओळ पाहिली. ती रिकामी होती.

आमच्या वेळच्या सरांनी शिकवलं होतं, एरर ज्या ओळीत दिसते तिथे चूक शोधू नका, वरच्या ओळीत शोधा. मी वरची ओळ पुसून पुन्हा लिहिली. मग खालची लिहिली. फोनवर शोधलं तर जो तो सांगत होता, कुठूनतरी वाकडी अवतरणचिन्हं कॉपी केली की असं होतं. म्हणून अख्खी फाइल चाळून एकूण एक अवतरणचिन्ह नव्यानं टाकलं. चोर सोडून संन्याशाला फाशी! तिन्ही एरर जागच्या जागी. रिकामी ओळच काढून टाकावी हे काही मला सुचलं नाही. जिथे काही नाहीच, तिथून काढणार काय?

दर तासाला लीड खुर्चीमागे येऊन विचारायची, "अक्का, आयता?" झालं का?

"इन्नू स्वल्प," मी म्हणायची. अजून थोडं.

तिनं स्वतःही वाकून पाहिलं, तिलाही काही दिसलं नाही. मंगळवारी संध्याकाळी तिनं विचारणं बंद केलं. माझी फाइल बाजूला ठेवून आधीची जुनी प्रत लावली आणि बाकीचे सगळे पुढे निघून गेले.

बुधवारी दुपारी त्या रिकाम्या ओळीवर कर्सर ठेवून नुसती बघत बसले होते. स्क्रीनच्या खालच्या कोपऱ्यात कर्सरची जागा दिसते. रिकाम्या ओळीत ती एक हवी. तिथे दोन होती. मी एकदा बॅकस्पेस दाबलं. स्क्रीनवर काहीही हललं नाही, फक्त दोनाचा एक झाला. कंपाईल केलं, एरर गायब.

काय पुसलं ते कळायला एक क्षण लागला. 'दुसऱ्या'सारख्या शब्दातला अर्धा र टाईप करताना माझ्या कीबोर्डवर एक न दिसणारं अक्षर दाबावं लागतं. ते स्वतः उमटत नाही, नुसतं शेजारच्या दोघांना धरून ठेवतं. मशीनच्या लेखी त्या एकाचे तीन तुकडे, म्हणून एरर तीन. प्रोग्रॅममधल्या टिपा मी मराठीत लिहायची. इंग्रजीत लिहायला गेलं की विचार पळतो. टिपा कंपायलर वाचतच नाही, ओलांडून जातो, त्यामुळे आजवर काही बिघडलं नव्हतं. पण टीप संपली की पुढचं सुचेपर्यंत माझं बोट त्याच कळीवर टकटकतं. मंडळाच्या टायपिंगची खोड. उमटत तर काही नाही, मग बिघडतं काय? सोमवारी त्यातला एक ठोका टिपेबाहेर, खालच्या रिकाम्या ओळीत पडला होता. काखेत कळसा आणि गावाला वळसा. मी एकटीच हसले, आणि मग बाथरूममध्ये जाऊन रडले.

गुरुवारच्या मीटिंगमध्ये मॅनेजरनी उशिराचं कारण विचारलं. एडिटरवर, म्हणजे ज्यात प्रोग्रॅम लिहितो त्या सॉफ्टवेअरवर, ढकलता आलं असतं. मी मूर्खासारखं सगळं खरं सांगितलं, बोर्डवर 'दुसऱ्या' लिहूनसुद्धा दाखवलं.

"मतलब आपके ही कीबोर्ड से आया," ते म्हणाले.

"हां सर."

लीड टेबलाकडे बघत होती. बाहेर आल्यावर तिनं माझा हात धरला. "अक्का, बेजार माडकोबेडी." वाईट वाटून घेऊ नका. मीटिंगमध्ये माझ्या नोकरीचा विषय कुणी काढला नव्हता, पण तिच्या त्या शब्दांनी मला निकाल कळला.

शेवटच्या दिवशी तिनं एकच काम सांगितलं. मराठी टिपा काढून टाका, तुमच्यानंतर इथे कुणाला वाचता येणार नाहीत. "सरी," म्हटलं. ठीक आहे. एकेक टीप वाचत पुसत गेले. 'इथे हात लावू नका, मी एकदा फसलेय.' 'हे का चालतं माहीत नाही, पण चालतं.' 'दुसऱ्या फाइलमध्येही असंच करायचं.' सहा महिन्यांच्या टिपा पुसायला वीस मिनिटं पुरली.

मग कंपाईल केलं आणि एखादी तरी एरर यावी म्हणून वाट बघत बसले. एकही आली नाही.