महालात मशीन

अर्जुनी मोरगावात माझे ब्लाऊज शिवते ती बाई तिशीची आहे. माप घेताना टेपचं टोक दातांत धरते, त्यामुळे आकडे तिचे तिलाच समजतात. मशीनला टेकवून मोबाईल उभा असतो आणि त्यावर जपानी चित्रकथा चालू असते. त्यातली औषधं कुटणारी गरीब मुलगी मरते आणि राजपुत्राची नवरी म्हणून पुन्हा जन्माला येते.

"हे काऊन वाचून राहिली वं?" मी एकदा विचारलं.

"महालात जाऊन ते काय करते, ते पाहून राहिली, काकू."

यंदा तिच्यासाठी स्थळ मीच आणलं. मुलाची आई दुकानातच आली आणि मशीनकडे बोट दाखवून म्हणाली, "लग्नानंतर हे बंद. आमच्या घरी राणीसारखी राहशीन."

तिने मोबाईल त्यांच्यासमोर धरला. "हे पाहा राणी. महालात पाय ठेवायच्या आधी हिनं आपलं औषधं कुटायचं काम मागून घेतलं. माझं काम हे आहे."

"चित्रातलं घरात चालत नाही, बाई."

"मंग घर राहू द्या जी."

त्या उठून गेल्या. मुलगा नोकरीचा होता, म्हणून मी तिला चांगलंच सुनावलं. तिने सगळं ऐकून घेतलं, माझ्या बाहीला टेप लावला आणि या वेळी टोक दातांत न धरता म्हणाली, "काकू, त्या पोरीले हे समजायले मरावं लागलं."

मी हात सरळ धरला.