सलीमची गिटार आणि दुमडलेलं बोट

मित्रहो, आयुष्यभर मी भाषणांत ठणकावून सांगितलं की साधन गौण, माणूस मोठा. तरी माझा मित्र सलीम गेल्यापासून त्याने विकलेली बेस गिटार मी लातूर-नांदेडमध्ये शोधत होतो. आमच्या ऑर्केस्ट्रातला त्याचा तो घुमणारा सूर मला एकदा ऐकायचा होता.

आज दुपारी त्याची मुलगी शबाना भेटली. ती लातूरच्या एका क्लासमध्ये फिजिक्स शिकवते.

"काका, शोधणं सोडा. हे ऐका," म्हणत तिने स्वतःची नवी गिटार मांडीवर घेतली.

पहिल्याच सुराला मी डोळे मिटले. सलीमच!

डोळे उघडले, तर तिने डाव्या हाताचं एक बोट दुमडून ठेवलं होतं. किल्लारीच्या भूकंपात ढिगारा उपसताना सलीमचं तेच बोट चिरडलं होतं. मग तो उरलेल्या बोटांनी सूर सरकवत न्यायचा.

"बेटा, तुझं बोट तर शाबूत हाय!"

"अब्बांचं बघूनच शिकले ना, काका. वाजवताना हे बोट उठतच नाही."

गिटार मी आता शोधणार नाही. पण वाजवून झालं की सलीम चिडवायचा, "कैसा लगा, नेताजी?" आज ते कुणी विचारलं नाही.

तुमच्या गेलेल्या माणसाचं काय उरलंय, कुणाच्या हातात?