सर्र

माणसाचा जबडा मोडतो तेव्हा नेमका कसा आवाज होतो, हे तुम्हाला माहीत नसणार. चांगल्या घरची माणसं तुम्ही. धडामला मात्र ते पक्कं ठाऊक होतं. ओल्या मोज्यात चार अक्रोड भरायचे, मोजा फरशीवर ठेवायचा आणि वरून हातोडी घालायची. पोटातला गुद्दा हवा असेल तर भिजवलेलं गोणपाट बडवायचं. मान पिरगळायची असेल तर वाळकी काटकी ओल्या फडक्यात गुंडाळून मोडायची. आणि डोकं भिंतीवर आपटायचं असेल तर कोबीचा गड्डा! तो पहिल्याच आपटीत फुटला तर वाया, तिसऱ्या आपटीला फुटला पाहिजे. एकदा तर योग्य किंकाळी सापडेना म्हणून पठ्ठ्याने स्वतःच्या अंगठ्यावर हातोडी मारून घेतली होती. नख गेलं ते गेलं, पण किंकाळी अशी मिळाली की वाचकांची पत्रं आली.

धडाम हे काही आईबापांनी ठेवलेलं नाव नव्हे. तो कॉमिक्समध्ये अक्षरं काढायचा. मारामारीच्या चित्रांत ते भलेमोठे शब्द असतात ना, धडाम, खाडकन, फाट्, ते सगळे त्याच्या हातचे. चित्रकार नुसती मूठ काढायचा, ती लागायची ती धडाममुळे. चाळीस वर्षं त्याने हेच केलं. त्याची बायको, देव तिचं भलं करो, म्हणायची, "जगातल्या सगळ्या दणक्यांचे आवाज ह्यांना कळतात. घरातला तेवढा ऐकू येत नाही."

ते खोटं नव्हतं. लपवण्यात अर्थ नाही, सांगूनच टाकतो. धडाम आपल्या एकुलत्या एक पोराला पट्ट्याने मारायचा. शाई सांडली, मार. उलट बोलला, मार. काम तुंबलं आणि मालक ओरडला, तरी मार पोरालाच. बरं, त्याचा स्वतःचा बाप म्हणजे गरीब गाय, पोराला कधी बोटसुद्धा लावलं नव्हतं त्याने. तेव्हा ती सबबही धडामकडे नव्हती. पोरगा सतराचा झाला त्या वर्षी 'वज्रपंचक' बंद पडलं. वज्रपंचक म्हणजे पाच शाळकरी पोरांची टोळी, अंगात अचाट शक्ती असलेली. धडामची अर्धी भाकरी त्यावर चालायची. पोरगा म्हणाला, "बरं झालं मेलं ते एकदाचं." त्या दिवशी पट्टा उलटा फिरला, बक्कल कानावर बसलं आणि कानाची पाळी फाटून लोंबायला लागली. एका हाताने कान धरून पोरगा घराबाहेर पडला. त्याला बावीस वर्षं झाली. आईच्या प्रेताला खांदा द्यायला आला, बापाकडे न बघता गेला.

आणि यंदा वज्रपंचक पुन्हा उठलं. जुना मालक गेला होता. त्याची मुलगी, मालकीणबाई, मोठी तडफदार. तिने धडामला घरून बोलावून घेतलं.

"काका, जुन्या अंकांत ही पाच पोरं शंभर गुंडांना लोळवायची आणि कुणाचं नाकसुद्धा फुटायचं नाही. ते वाचक आता चाळिशीला टेकले. त्यांना रक्त पाहिजे."

"रक्त माझ्याकडे नाही मिळायचं," धडाम म्हणाला. "मी आवाज देतो."

"मग रक्ताला शोभतील असे द्या."

पानं आली. अबब, काय ती पानं! तिसऱ्या पानावर एका गुंडाचा गुडघा उलट्या बाजूला वाकलेला. नवव्यावर जिन्यावरून दात घरंगळत चाललेत, एकेका पायरीवर एकेक. चौदाव्यावर टोळीतला धाकटा एकाचा हात खांद्यातून उपटतो. धडामने तीन दिवस छापखान्याच्या गच्चीवर गोणपाटं बडवली, अकरा कोबी फोडले. खाली पहारेकरी सगळ्यांना सांगत सुटला की म्हाताऱ्याचं डोकं फिरलंय. म्हाताऱ्याचं डोकं मात्र कित्येक वर्षांत इतकं ठिकाणावर नव्हतं.

चित्रं काढणारी पोरगी पंचविशीची. केस कायम विस्कटलेले म्हणून सगळे तिला झिपरी म्हणायचे. तिने सुरुवातीची दोन पानं सगळ्यात शेवटी आणली. टोळीची म्होरकी ठिणगी, वय वर्षं चौदा. तिचा बाप तिला पट्ट्याने मारतो. पहिल्या चौकटीत त्याचा हात नुसता कमरेकडे जातो. मग आठ चौकटींत आठ फटके, आणि नववा फटका उचलताना पट्टा पेट घेतो. ठिणगीची शक्ती जागी होते ती अशी.

धडामने ब्रश उचलला आणि एका दमात आठही चौकटींत लिहून टाकलं, सपाक्, सपाक्. लाल, जाड, बापाच्या मुठीतून फुटणारं.

"काका, ह्याला गोणपाट नाही बडवलंत?" झिपरीने विचारलं.

"ह्याला नाही लागत."

झिपरीने पान आपल्याकडे ओढलं. मग म्हणाली, "पण हा आवाज बापाच्या कानातला आहे. मी सगळ्या चौकटी खालून काढल्यात बघा, ठिणगीच्या डोळ्यांतून. बाप छताला टेकलाय. मार खाणाऱ्याला ते कसं ऐकू येतं, ते पाहिजे."

धडामचा ब्रश तिथेच थांबला. चाळीस वर्षांत हजारो फटके लिहिले, पण एकूण एक मारणाऱ्या हाताच्या बाजूने. कारण हातोडी कायम त्याच्याच हातात असायची! अक्रोडाला काय ऐकू येतं, हे त्याने कधी विचारलंच नव्हतं. घरी जाऊन त्याने स्वतःच्या मांडीवर पट्टा ओढून पाहिला. वळ उठले, कातडी फुटली, पायजमा रक्ताला चिकटला, तरी आवाज तोच. आपलाच हात आपल्याला कसा फसवणार? हे सांगू शकेल असा जगात एकच माणूस होता. पानं छपाईला जायला चार दिवस होते. आता पानं हे निमित्त, ते तुम्हालाही कळतंय आणि मलाही. पोराचं तोंड बघायला म्हातारा तडफडत होता, आणि तसं सरळ सांगायला जीभ रेटत नव्हती.

पोराचं गॅरेज होतं. अपघातात चेपलेल्या गाड्या यायच्या आणि हा त्यांचे पत्रे ठोकून सरळ करायचा. धडाम दुपारी चारला तिथे पोचला. कोपऱ्यात जुन्या टायरवर सात-आठ वर्षांची मुलगी गणितं सोडवत बसली होती. नात. तिला त्याने आज पहिल्यांदा पाहिलं. बोनेटवर वाकलेल्या पोराने मान वर केली. फाटलेली पाळी तशीच होती, वेडीवाकडी जुळलेली.

"काय काम आहे?"

"एक विचारायचं होतं." धडामने बोनेटवर हात टेकला. "पट्टा बसायचा तेव्हा… तुला ऐकू काय यायचं?"

पोरगा आधी हसला. मग त्याची हातोडी धडामच्या बोटांपासून दोन इंचांवर बोनेटवर आदळली आणि पत्रा खोल गेला. "बावीस वर्षांनी आलात, आणि धंद्याचा माल मागताय?" त्याने बापाची कॉलर धरली आणि त्याला गाडीवर आपटलं. म्हाताऱ्याचा ओठ फुटला. "मेलास का जगलास, असं एका अक्षराने विचारलंत कधी? आवाज हवाय? थांबा, ऐकवतोच. वळा. वळा म्हणतो ना!"

धडाम वळला. त्याने दोन्ही हात बोनेटवर टेकले. खरं सांगायचं तर त्याला बरंच वाटलं. एवढं तरी मिळतंय ह्याच्याकडून, असं वाटलं. पाठीमागे पोराने कमरेचा पट्टा ओढला. सर्र.

धडामचं तोंड कोपऱ्याकडे होतं, म्हणून त्याला दिसलं. त्या आवाजासरशी नातीने पेन्सिल खाली ठेवली. वही मिटली. टायरवरून उठून ती भिंतीकडे तोंड करून उभी राहिली आणि दोन्ही तळवे भिंतीला लावले. तिला कुणी हाक मारली नव्हती. कुणी तिच्याकडे बघतही नव्हतं.

पट्टा धडामच्या पाठीत बसला. शर्ट फाटला, कातडी सोलली. आणि आवाज? त्याला काहीच ऐकू आलं नाही. त्याच्या कानांत अजून मघाचं सर्र वाजत होतं.

दुसऱ्या फटक्यासाठी हात वर गेला.

"थांब," धडाम म्हणाला. "मला हवं तेवढं मार रे. पण आधी तिकडे बघ."

पोराने बघितलं. वर गेलेला हात वरच राहिला. मागे न वळता, भिंतीशीच, नात बारीक आवाजात म्हणाली, "बाबा, मी काय केलं?"

 पोरगा घोगऱ्या आवाजात म्हणाला, "दोनदाच. फक्त दोनदाच मारलंय मी तिला."

"मलाही दोनदाच वाटायचं," धडाम म्हणाला.

पोराचा वर गेलेला हात खाली आला. पट्टा त्याच्या हातून गळाला, तो धडामने उचलला. पोराने मागितला नाही, ह्याने दिला नाही.

छापखान्यात येऊन त्याने आठही सपाक् पांढऱ्या रंगाने बुजवले. पहिल्या चौकटीत, जिथे बापाचा हात नुसता कमरेकडे जातो, तिथे बारीक ब्रशने लिहिलं, सर्र. मालकीणबाई कडाडल्या, "अहो काका, आठ फटके आणि आठही मुके? लोक पैसे परत मागतील!"

"मागू द्या. त्या वेळी ऐकू येत नाही काही. जे ऐकू यायचं ते आधीच येऊन गेलेलं असतं."

झिपरीने त्याच्या शर्टावर पाठीला उमटलेला लाल पट्टा पाहिला आणि ती पानं स्वतः खाली मशीनवर नेऊन दिली.

अंक छापून आला तसा धडाम एक प्रत घेऊन गॅरेजवर गेला. पोराने पँट सुतळीने बांधली होती. "या," एवढंच म्हणाला. आता, आठ वर्षांच्या पोरीच्या हातात असलं रक्तबंबाळ पुस्तक द्यावं का? मुळीच देऊ नये. पण नातीने ते आजोबाच्या हातातून ओढूनच घेतलं आणि टायरवर बसून उघडलं. पहिल्या चौकटीशी ती थबकली. मग तिने डावा तळवा त्या शब्दावर ठेवला, नीट झाकला, आणि हात न उचलता खालच्या चौकटी बघत राहिली.

पोरगा हातात हातोडी घेऊन बघत उभा होता. संध्याकाळपर्यंत त्याने एकही पत्रा ठोकला नाही.